उन्हाळ कांद्याच्या काढणीत घरचे खाणे-पिणे

नाशिक शहरातून निघणारा गंगापूर रोड आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर, गोवर्धन अशी गावे घेत गंगापूर धरणाच्या बाजूने गिरणाऱ्याकडे जातो. या रस्त्याच्या शहराकडील भागात आता इमारती झाल्या आहेत. परंतु पलीकडे द्राक्षबागा व भाजीपाल्याची शेती आहे आणि गिरणाऱ्याच्या पुढे हरसूल-पेठच्या डोंगराळ भागात नागली व वरई पिकते. निफाड, चांदवड, येवला, कळवण, सटाणा या तालुक्यांत मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंत उन्हाळ कांद्याची काढणी चालते. द्राक्षाचा हंगाम उरकत आलेला असतो, गहू-हरभरा घरात यायचा असतो. म्हणजे वर्षातील सर्वांत कडक ऊन आणि शेतातील कामाची दाटी एकाच वेळी येते.

या दिवसांत पिकाला पाण्याच्या पाळ्या किती द्यायच्या याचा हिशेब प्रत्येक शेतकरी ठेवतो. कांदा उपटणारी, पात कापणारी, गोण्या उचलणारी माणसे मात्र किती पाणी पितात आणि काय खातात याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. तो ठेवणे सोपे आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक जिन्नस आपल्या घरात व शेतातच असतात. कैरी, कांदा, ताक, नागली, द्राक्षे, कलिंगड आणि मीठ एवढ्यावर उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने नीट निभावता येतात. या लेखात दिवसाच्या वेळेनुसार काही सोप्या पाककृती आणि त्यांमागील कारणे दिली आहेत.

उन्हात शरीराचे काय होते?

उन्हात काम करताना शरीर घामावाटे स्वतःला थंड ठेवते. कष्टाच्या कामात तासाला सुमारे एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. घामाबरोबर पाणी जाते, तसे मीठही जाते. पाणी कमी पडले की घाम कमी होतो आणि अंगातील उष्णता बाहेर पडेनाशी होते. केवळ साधे पाणी भरपूर प्याले आणि मीठ मिळाले नाही, तर हातापायांत गोळे येतात, थकवा येतो, मळमळते. म्हणून पाणी आणि मीठ ही दोन्ही भरून काढावी लागतात. भाजी-भाकरीतून बरेचसे मीठ मिळते. परंतु सकाळपासून दुपारपर्यंत सलग घाम गाळणाऱ्या माणसाला तेवढे पुरत नाही.

तहान लागेपर्यंत थांबू नये. तहान लागते तेव्हा शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. या हिशेबाने दहा माणसांना सकाळच्या चार तासांत पंचवीस ते तीस लिटर पाणी लागते. बहुतेक ठिकाणी बांधावर एक कळशी ठेवलेली असते. ती एवढ्या माणसांना दोन तासही पुरणार नाही.

पाणी कमी पडते की नाही हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. कांदा मोजण्याचा काटा खळ्यावर असतोच. कामाला लागण्यापूर्वी आणि काम संपल्यावर त्यावर स्वतःचे वजन करावे. जितके किलो वजन घटले, तितके लिटर पाणी कमी पडले असे समजावे. लघवी गडद पिवळी होणे हीदेखील पाणी कमी पडल्याची खूण आहे.

ऊन चाळीस अंशांच्या वर गेले तरच धोका असतो ही समजूत बरोबर नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे मोकळ्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. हवेत दमटपणा असला, सावली नसली आणि माणूस तासन्‌तास उन्हात राहिला, तर कमी तापमानही घातक ठरते.

लक्षात ठेवण्याचा एक नियम

या लेखातील सर्व पेयांना एकच माप लावावे : एक लिटर पेयाला चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ. जुलाबात घरी द्यावयाच्या साखर-मिठाच्या पाण्याचे मापही एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ असेच आहे. थोडी साखर असली की आतड्यातून मीठ व पाणी लवकर शोषले जाते. साखर फार झाली तर मात्र पेय पोटात रेंगाळते, जड वाटते आणि तहान भागत नाही. बाजारातील बाटलीबंद थंड पेयांत साधारण दहा टक्के साखर असते आणि मीठ जवळजवळ नसते. म्हणून ती शेतातील कामाला उपयोगाची नाहीत.

पुढील पाककृतींत वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची आमटीची वाटी आणि चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा समजावा. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ व गूळ यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पहाटे : नागलीची आंबील

काढणीच्या दिवसांत माणसे सकाळी सहा-साडेसहाला शेतात जातात. अनेक जण नुसत्या चहावर निघतात. त्याऐवजी पेलाभर आंबील पिऊन निघाल्यास पोटाला आधार मिळतो आणि पाणी व मीठ यांचा पहिला हप्ता शरीरात जातो.

साहित्य : नागलीचे पीठ १ वाटी, भिजवण्यासाठी ताक अर्धी वाटी व पाणी २ वाट्या, शिजवण्यासाठी पाणी १ लिटर, शेवटी घालण्यासाठी ताजे ताक अर्धा लिटर, मीठ १ चमचा, जिरे १ चमचा, लसूण ४ पाकळ्या, कोथिंबीर.

कृती : रात्री पीठ, ताक व पाणी एकत्र कालवून गुठळ्या मोडाव्यात आणि मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवावे. उन्हाळ्यात आठ तासांत ते पुरेसे आंबते. पहाटे एक लिटर पाण्याला उकळी आणून त्यात हे मिश्रण सतत ढवळत ओतावे. मंद आचेवर आठ ते दहा मिनिटे शिजवावे. चकाकी येऊन मिश्रण चमच्याला धरू लागले की उतरवावे. कोमट झाल्यावर ताजे ताक, मीठ, कुटलेले जिरे व लसूण घालावे. ताक गरम मिश्रणात घालू नये, ते फाटते. एवढ्यात सात-आठ जणांना पेला पेला आंबील होते.

नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारी किंवा तांदळात याच्या दहाव्या भागाइतकेही नसते. रात्रभर आंबवल्यामुळे धान्यातील लोह व कॅल्शियम शरीराला जास्त प्रमाणात मिळते. नागली मिळत नसेल तर ज्वारीच्या पिठाची आंबील याच पद्धतीने करावी.

सकाळी दहा वाजता : शेतातले पन्हे

पाहुण्यांना देण्याचे पन्हे आणि शेतात न्यायचे पन्हे यांत फरक करावा. पाहुण्यांचे पन्हे गोड व दाट असते. शेतातले पन्हे पातळ, थोडे खारट आणि कमी गोड हवे. गर मात्र दोन्हींसाठी एकच करता येतो.

साहित्य : कैऱ्या अर्धा किलो, किसलेला गूळ कैरीच्या गराइतका, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा.

कृती : कैऱ्या धुऊन देठाकडील चीक काढून टाकावा. कुकरमध्ये किंवा भात शिजवताना वरच्या भांड्यात ठेवून मऊ शिजवाव्यात, म्हणजे वेगळे जळण लागत नाही. चुलीच्या निखाऱ्यात भाजल्यास वेगळी चव येते. गार झाल्यावर साल व कोय काढून गर मोजावा. गराइतकाच गूळ मिसळून मंद आचेवर पाच मिनिटे उकळावे. वेलदोड्याची पूड घालून गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावे. फ्रीजमध्ये हा गर पंधरा दिवस चांगला राहतो. फ्रीज नसल्यास दोन दिवसांत संपेल इतकाच करावा.

शेतात नेताना एक लिटर पाण्यात अर्धी वाटी गर व अर्धा चमचा मीठ घालावे. अर्धा किलो कैरीच्या गरात पाच ते सहा लिटर पन्हे होते. पाहुण्यांसाठी गर दुप्पट घ्यावा व मीठ चवीपुरते घालावे. कैरीच्या आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटते आणि नुसते पाणी नको म्हणणारा माणूसही पेलाभर पन्हे आनंदाने पितो, हा पन्ह्याचा मोठा गुण आहे.

दुपारचा डबा : दहीभात, तक्कू आणि भाकरी

पहाटे पाचला केलेला डबा दुपारी बारा-साडेबाराला उघडला जातो. एवढ्या उन्हात सात तास अन्न टिकले पाहिजे. ओल्या नारळाचे वाटण घातलेल्या रस्साभाज्या, बटाट्याची ओली भाजी व भिजवलेली डाळ लवकर आंबते. कोरडी चटणी, पिठले, भाकरी, चिंच-गूळ घातलेली आमटी आणि दह्याचे पदार्थ त्यामानाने चांगले टिकतात, कारण ओलावा कमी किंवा आंबटपणा जास्त असला की जंतूंची वाढ मंदावते.

दहीभातासाठी साहित्य : तांदूळ १ वाटी, उकळून कोमट केलेले दूध २ वाट्या, दही २ चमचे, मीठ, फोडणीसाठी तेल, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता.

कृती : तांदळात नेहमीपेक्षा एक वाटी पाणी जास्त घालून भात मऊ शिजवावा व घोटून कोमट करावा. त्यात दूध व दोन चमचे दही घालावे. फोडणी गार करून वरून ओतावी, मीठ घालून स्टीलच्या डब्यात भरावे. दूध डब्यातच विरजते आणि दुपारी डबा उघडेपर्यंत ताजा, बेताचा आंबट दहीभात तयार होतो. सकाळीच सगळे दही घातले तर दुपारपर्यंत तो फार आंबट होतो.

रात्रीचा उरलेला भात यासाठी वापरू नये. शिजलेला भात गरम हवेत बराच वेळ राहिला तर त्यात एका प्रकारच्या जंतूंचे विष तयार होते आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. उलट्या-जुलाब झाले की घामाने आधीच घटलेले पाणी आणखी घटते.

कैरी-कांद्याच्या तक्कूसाठी साहित्य : कैरीचा कीस १ वाटी, कांद्याचा कीस १ वाटी, गूळ ३ चमचे, लाल तिखट १ चमचा, मीठ १ चमचा, तेल ४ चमचे, मोहरी, मेथीदाणे ८-१०, हिंग, हळद.

कृती : कैरी व कांद्याच्या किसाला मीठ, तिखट व गूळ लावून दहा मिनिटे ठेवावे. तेलात मोहरी, मेथी, हिंग, हळद यांची फोडणी करून ती पूर्ण गार झाल्यावर किसात मिसळावी. कांदा घातलेला तक्कू त्याच दिवशी संपवावा. नुसत्या कैरीचा तक्कू फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो. काढणीत फुटलेले, जोड आलेले किंवा डेंगळे आलेले कांदे चाळीत टिकत नाहीत. ते रोजच्या तक्कूला व चटणीला वापरावेत.

खिशात किंवा डोक्यावरील टापशीत कांदा ठेवला की ऊन लागत नाही असे बऱ्याच गावांत मानतात. खिशातील कांद्याने शरीराला पाणी मिळत नाही, की मीठही मिळत नाही. त्याच्या भरवशावर भर दुपारी काम चालू ठेवणे धोक्याचे आहे. भाकरीबरोबर कांदा जरूर खावा, परंतु बारा ते साडेतीन या वेळेत काम बंद ठेवणे हाच खरा उपाय होय.

दुपारी : मठ्ठा आणि कलिंगड

मठ्ठ्यासाठी एक भाग दही व तीन भाग पाणी घेऊन घुसळावे. एक लिटरला अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, बोटाच्या पेराएवढे आले वाटून, चिमूटभर हिंग व कोथिंबीर घालावी. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागते, म्हणून विरजण निम्मे घ्यावे आणि दही लागताच भांडे थंड जागी हलवावे. ताकात पाणी, मीठ, प्रथिने व कॅल्शियम एकत्र मिळतात. शेतावर काम करणाऱ्या माणसासाठी यापेक्षा स्वस्त व चांगले पेय नाही.

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. फोड खाताना वरून चिमूटभर मीठ भुरभुरावे. कलिंगड शेतातच कापून लगेच खावे. कापून उघडे ठेवलेले किंवा रस्त्यावर कापून विकले जाणारे कलिंगड घेऊ नये. लाल गर आणि हिरवी साल यांमधील पांढरा भाग आपण फेकून देतो. त्याची कोशिंबीर चांगली होते. हिरवी साल सोलून पांढरा भाग किसावा, त्यात दही, दाण्याचे कूट, हिरवी मिरची व मीठ घालून जिऱ्याची फोडणी द्यावी. चव काकडीच्या कोशिंबिरीसारखी लागते.

द्राक्षाच्या सुट्या मण्यांचा रस

द्राक्ष घड भरताना निघालेल्या सुट्या मण्यांना बाजारात फारसा भाव मिळत नाही. त्यांचा रस करून ठेवल्यास एप्रिल-मेमध्ये घरच्या माणसांना उपयोगी पडतो. मणी निवडताना एक खबरदारी घ्यावी. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत जितके दिवस थांबण्यास औषधाच्या लेबलवर सांगितले आहे, तितके दिवस झालेले असले पाहिजेत. फुटके, बुरशी आलेले मणी टाकून द्यावेत.

कृती : पाच किलो मणी वाहत्या पाण्यात तीन वेळा धुवावेत. स्टीलच्या पातेल्यात हाताने किंवा लाकडी रवीने हलके चुरडावेत, बिया असल्यास त्या फुटू देऊ नयेत. पातेले मंद आचेवर ठेवून रसाला हात लावता येणार नाही इतके गरम करावे, उकळी आणू नये. दहा मिनिटांनी उतरवून स्वच्छ मलमलीतून गाळावे. साधारण तीन लिटर रस मिळतो. तो झाकून एक दिवस फ्रीजमध्ये ठेवावा. तळाशी गाळ व वाळूसारखे पांढरट खडे बसतात. हे खडे द्राक्षातील नैसर्गिक आम्लाचे असतात, ती भेसळ नव्हे. वरचा निवळ रस अलगद ओतून घ्यावा.

पाण्यात वीस मिनिटे उकळलेल्या काचेच्या बाटल्यांत हा रस गळ्याखाली दोन बोटे जागा सोडून भरावा. झाकणे सैल लावून बाटल्या पातेल्यात पाण्यात उभ्या कराव्यात. तळाशी फडके घालावे, म्हणजे बाटल्या तडकत नाहीत. पाणी ८० ते ८५ अंशांवर, म्हणजे उकळी फुटण्याच्या बरेच आधी, पंचवीस मिनिटे ठेवावे. नंतर झाकणे घट्ट लावून बाटल्या हळूहळू गार होऊ द्याव्यात व अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. बाटली उघडल्यावर रस फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा. बुडबुडे येणारा किंवा वास बदललेला रस टाकून द्यावा.

हा रस चांगलाच गोड असतो. शेतात नेताना एक भाग रसात तीन भाग पाणी, लिटरला अर्धा चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घालावा. वेगळी साखर घालू नये. असा रस विकायचा असेल तर अन्न नोंदणी, लेबल व प्रक्रियेचे प्रशिक्षण आवश्यक आहे. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याच्या कृषी विज्ञान केंद्रात इच्छुकांनी प्रशिक्षणाची चौकशी करावी.

संध्याकाळी : भुश्याच्या पेटीतील खिचडी

उन्हाचा त्रास शेतातील माणसालाच होतो असे नाही. पत्र्याच्या छपराखाली, धुराच्या चुलीसमोर दोन-दोन तास बसणाऱ्या गृहिणीच्या अंगातूनही तितकाच घाम जातो. दिवसभर शेतात काम करून आल्यावर तीच पुन्हा चुलीपुढे बसते. म्हणून उन्हाळ्यात चुलीजवळचा वेळ कमी करणाऱ्या पद्धती वापराव्यात. भुश्याची पेटी ही त्यांपैकी एक सोपी पद्धत आहे.

लाकडी खोके किंवा मोठी टोपली घेऊन तळाशी चार इंच जाडीचा कोरडा गव्हाचा भुसा दाबून भरावा. मध्ये पातेले बसेल एवढी जागा ठेवून चारी बाजूंनी तितकाच भुसा भरावा. वर झाकण्यासाठी भुसा भरलेली जुन्या कापडाची उशी करावी.

खिचडीसाठी दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ धुऊन अर्धा तास ठेवावी. पातेल्यात फोडणी करून नऊ वाट्या पाणी उकळावे. तांदूळ, डाळ, हळद व मीठ घालून झाकण ठेवून दहा मिनिटे चांगले उकळू द्यावे. नंतर झाकण न उघडता पातेले लगेच पेटीत ठेवून वर उशी दाबावी. एका तासात खिचडी आतल्याच उष्णतेवर शिजते, लागत नाही आणि ढवळावी लागत नाही. पातेले तीन-चतुर्थांश तरी भरलेले असावे, कारण कमी अन्नात उष्णता लवकर संपते. दोन तासांच्या आत वाढावे. पेटीत रात्रभर अन्न ठेवू नये. या तासाभरात गृहिणीला बाहेर वाऱ्याला बसता येते आणि जळणही वाचते.

सोबत पोह्याचा भाजलेला पापड व ताक असले की रात्रीचे जेवण पूर्ण होते.

भांडी, बर्फ व पाणी यांबाबत दक्षता

१) ताक, पन्हे, आंबील हे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत. आंबटाशी तांब्याचा संयोग होऊन उलट्या होतात. ॲल्युमिनियमचे भांडेही टाळावे. मातीचे किंवा स्टीलचे भांडे उत्तम.

२) कीटकनाशकाचे रिकामे डबे, कॅन किंवा फवारणीसाठी वापरलेले ड्रम पिण्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नयेत. कितीही धुतले तरी औषधाचा अंश राहतो. रिकामे डबे ठेचून, भोके पाडून निकामी करावेत.

३) बर्फाच्या कारखान्यातील सर्व बर्फ खाण्यासाठी नसतो. खाण्यास अयोग्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ पासून लागू झाला. तरीही शेतात नेताना बर्फ पेयात न टाकता भांड्याच्या बाहेरून ठेवावा.

४) विहिरीचे पाणी उकळून गार करावे किंवा त्यात क्लोरिनचे थेंब मापाने घालून अर्ध्या तासाने वापरावे.

५) बर्फाशिवाय पाणी थंड ठेवण्यासाठी घमेल्यात ओली वाळू घालून त्यावर माठ ठेवावा व भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी असावा. बाष्पीभवनाने पाणी आपोआप गार राहते. कैऱ्या, कोथिंबीर व लिंबे टिकवण्यासाठी याच तत्त्वावर दुहेरी विटांच्या भिंती व मध्ये ओली वाळू असलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधता येतो.

ऊन लागल्यास काय करावे?

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांत गोळे ही पहिली लक्षणे आहेत. अशा माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि मीठ-साखरेचे पाणी, ताक किंवा पातळ पन्हे घोट घोट द्यावे. त्या दिवशी त्याला पुन्हा कामाला लावू नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांडी जाऊ लागली, अंग भट्टीसारखे तापले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर सतत पाणी ओतत राहावे. काख, मान व जांघेत ओले गार फडके ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, पन्हे किंवा कांद्याचा रस काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

थोडक्यात

पहाटे आंबील, दहाला पन्हे, दुपारी दहीभात व मठ्ठा, रात्री हलकी खिचडी आणि दिवसभर दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी असा क्रम काढणीच्या दिवसांत ठेवावा. मिठाचे माप लिटरला अर्धा चमचा एवढेच लक्षात ठेवावे. यासाठी खर्च फारसा येत नाही. दहा मजुरांच्या एका दिवसाच्या पन्ह्याला किलोभर कैऱ्या पुरतात. एक माणूस ऊन लागून आडवा झाला तर मात्र त्याच्या घरावर संकट येते आणि काढणीही खोळंबते. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनी या हंगामात गोण्या, सुतळी व गाडी यांची तजवीज करताना पाण्याचे माठ, मीठ व कैऱ्या यांचीही तजवीज त्याच यादीत लिहून ठेवावी.